आकडा

फॉर्मवर नाव नव्हतं. आद्याक्षरं, वय एकेचाळीस,
आणि कोपऱ्यात लाल पेनाने गोल.
म्हणजे हातमोजे दोन-दोन घाला,
म्हणजे उरलेलं कुणी मोठ्याने म्हणायचं नाही.

मेणाचा ब्लॉक. आत जबड्यातला तुकडा,
करंगळीच्या नखाएवढा.
आधी कुठल्याशा दवाखान्यात पाच आठवडे
टीबीच्या गोळ्या दिलेल्या.
चूक तरी कुणाची म्हणू? या शहरात मानेला गाठ आली
की पहिला तोच आठवतो, घरच्या माणसासारखा.

मी कापते, चार मायक्रॉन.
पट्टी कोमट पाण्यावर तरंगते, सुरकुत्या सोडते.
मग तिला काचेवर घ्यायचं, साय न मोडता.

"सीडी-फोर तीनशे चाळीस," पोचखानावाला मॅडम म्हणाल्या,
"एचआयव्हीच्या गोळ्या सहा वर्षं, एक दिवस चुकलेला नाही.
आणि तरी हा आला.
याला माणूस पुरता खचायला लागत नाही."
त्यांनी मला समोरच्या भिंगावर बसवलं.
जांभळ्या पेशी, मुंगी शिरायला जागा नाही,
मधेमधे फिकट, गोल मोकळीक.
पुस्तकात याला ताऱ्यांनी भरलेलं आभाळ म्हणतात.
नायगावच्या गच्चीवरून मी आयुष्यात
सात तारे मोजलेत, त्यातलं एक विमान होतं.
"तारे कसले," मॅडम म्हणाल्या,
"मेलेल्या पेशी गिळत बसलेले सफाईवाले ते."

केआय-सिक्स्टी सेव्हन: शंभरात अठ्ठ्याण्णव.
म्हणजे झोपलेलं जवळपास कुणीच नाही.

दुपारी अंधारखोली.
एक लाल ठिपका, एक हिरवा. चिकटून असले तर पिवळं दिसतं,
जनुक शाबूत. फारकत झाली तर तुटलं.
दोनशे केंद्रकं. अंगठ्याखाली काउंटर, टक, टक.
लाल इथे. हिरवा तिथे.
लाल इथे. हिरवा पार तिकडे.

आमचे अण्णा पगाराच्या दिवशी आकडा लावायचे.
कधी लागला नाही.
मागच्या गल्लीत लोक आकडा टाकायचे, विजेच्या तारेवर,
रात्रभर बल्ब ढणढणत.
आठव्या गुणसूत्राचा तुकडा चौदाव्यावर जाऊन बसतो
ते मला मॅडमनी नाही, त्या गल्लीनं शिकवलं:
चौदाव्यावर अँटिबॉडीचं खातं,
तिथली लाइन या पेशीत कधी जात नाही.
त्या लाइनवर या जनुकानं आकडा टाकलाय.
दिवा याचा.
मीटर त्या माणसाचं पळतंय.

चार वाजता खिडकीशी बाई आली.
पावती घडी घालून ब्लाउजात ठेवलेली.
मोठ्या इस्पितळाने काचा मागितल्यात म्हणाली.
मी डबी दिली. तिनं उजेडाकडे धरली एक काच.
"यात कुठाय तो?"
मी बोट दाखवलं. गुलाबी डाग.
"क्लॅरिनेट वाजवतात. बँडमध्ये. भायखळ्याला.
वाजवता वाजवता फुंक एका बाजूनं निसटायला लागली,
मास्तर म्हणाले, सोपान, दारू पिऊन आलास का."
मी रजिस्टरकडे बघत राहिले.
"तो लाल गोल," ती म्हणाली, "माझ्याही फॉर्मवर असतो."
डबी टॉवेलात गुंडाळून पिशवीत तांदळावर ठेवली,
आणि गेली.

मग उरलेले दोन प्रोब.
बीसीएल-टू. पिवळं, पिवळं, पिवळं.
बीसीएल-सिक्स. दोनशे मोजले.
विश्वास बसेना, पुन्हा दोनशे मोजले.
तुटलेलं ते एकच.
एक तुटलेलं असलं तर औषधाला वाट असते,
रुंद नाही, पण असते.

रिपोर्ट उद्या सकाळी द्यायचा नियम.
मॅडमनी पावणेआठला सही केली,
"दिवसात दुप्पट होतो हा मेला,"
आणि वॉर्डला फोन लावून उभ्याच राहिल्या,
पलीकडे कुणी उचलेना.

मी हातमोजे काढले. वरचे, मग आतले.
रजिस्टरमध्ये नंबर होता, आद्याक्षरं होती.
नाव लिहायची जागा नाही.
सोपान, मी काउंटर शून्यावर आणताना म्हटलं,
मोठ्याने नाही.
फोन अजून वाजतच होता.